काय नाय झाला

नयन हे नाव बाईचंही असतं आणि पुरुषाचंही. आईने ते ठेवलं तेव्हा असा काही विचार केला नव्हता. बाळाचे डोळे मोठे होते, एवढंच. पण पुढे लग्न होऊन, एक मुलगी शाळेत जायला लागल्यावर नयनने डोंबिवलीत स्कूटरवरून किराणा पोचवायचं काम धरलं, तेव्हा ते नाव तिला रेनकोटसारखं उपयोगी पडलं. गिऱ्हाइकाच्या फोनवर फक्त 'नयन' दिसायचं आणि शेजारी एक करडी, बिनचेहऱ्याची आकृती. लोक लिहायचे, 'भय्या, गेटपे रख दो.' लिहायचे, 'भाऊ, बेल नको, बाळ झोपलंय.'

ती उत्तर द्यायची. फोनमध्ये तयार वाक्यं होती, बोट ठेवलं की जायची. 'मी निघालो आहे.' 'मी पोचलो आहे.' सगळी पुल्लिंगी. हे काम करणारी कुणी 'पोचले' म्हणेल असं ती वाक्यं लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नसावं. नयनने कधी त्याबद्दल तक्रार केली नाही. त्या 'लो'च्या आडोशाला ती दिवसभर राहायची. फोन वाजला तर कापायची आणि लिहून पाठवायची. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, हेल्मेटची काच खाली. पिशवी दाराशी ठेवून, बेल दाबून, दार उघडेपर्यंत ती जिन्याचं वळण उतरलेली असायची. सकाळी घर सोडल्यापासून परत येईपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघाला नाही, असे दिवस होते. ते चांगले दिवस, असं ती समजायची.

"भूत आहेस तू," वैशाली म्हणायची. "नयनभाई भूतवाले."

वैशाली तिच्यासोबत किराणा कंपनीच्या स्टोरवर कामाला. मानपाड्याला एमआयडीसीच्या कडेला शटरवाला मोठा गाळा, आत मालाच्या मांडण्या, बाहेर स्कूटरवर बसून ऑर्डर पडायची वाट बघणारी माणसं. ऑर्डर येत नाही, पडते. झाडावरून काहीतरी पडावं तशी, कुणाच्याही डोक्यात. तिथे बायका दोनच, या दोघी. वैशाली कल्याणहून यायची. तिच्या स्कूटरच्या पुढच्या बाजूला निळं अशोकचक्र होतं, आणि तिला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. हॉर्न, शिव्या, हसणं, सगळं भरपूर.

नयन ज्या आईच्या पोटची, तिच्याकडे बघता हे गप्प बसणं नवलाचंच होतं.

आवडाबाई म्हणजे एक आवाज होता. डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातून ती सकाळी टोपली घेऊन निघायची आणि बिल्डिंगांच्या तळाशी उभी राहून हाक द्यायची, "आले गोऽ! म्हावरा घ्या गोऽ, म्हावरा!" हाक वरच्या मजल्यापर्यंत भिंतीला धरून चढायची. दारं उघडायची. नवीन गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, आत या, इथे ओट्यावर द्या. आवडाबाई उंबऱ्याबाहेर फतकल मारायची. "भांडा घेऊन भाईर या," म्हणायची. कोणाच्या घरात पाय टाकायचा नाही, हा तिचा नियम होता आणि तिच्या आईचाही. ज्याला मासे हवेत त्याने थाळी घेऊन बाहेर यावं. लोकांना वाटायचं, घरात वास नको म्हणून ही बाई विचार करते. आवडाबाई तसं वाटू द्यायची.

खाडीत आता ते मासे नाहीत. भरतीला पाणी काळं येतं आणि ओहोटीला काळंच जातं. आवडाबाईंची टोपली खाटेखाली पालथी पडून आहे. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाजही गेला. जे उरलंय तो आवाज नाही, वारा आहे. त्याच्यातून शब्द ऐकायचे तर जवळ कान न्यावा लागतो.

त्या घरात, आणि त्या वाड्यातल्या सगळ्याच घरांत, एक वाक्य होतं. नयन लहान असताना आई कधी उशिरा यायची. कधी टोपलीखालची चुंबळ हरवलेली, कधी दंडावर बोटांसारखं काही उमटलेलं. आजी विचारायची, "काय झाला गो?" आई हातपाय धुता धुता म्हणायची, "काय नाय झाला." आणि चूल पेटवायची. शेजारच्या बायकाही तसंच म्हणायच्या. याचा अर्थ काही झालं नाही असा नव्हता. याचा अर्थ असा की जे झालं ते झालं, मी परत आले आहे, आता भात ठेवूया. सगळ्यांना तो कळायचा. कुणी पुढे विचारायचं नाही.

नयनने गप्प राहणं कुठून घेतलं याचं उत्तर कदाचित तिथेच आहे.

स्कूटर मात्र तिने हट्टाने घेतली होती. नवरा अनिश एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात पाळीवर. स्वभावाने बरा माणूस. त्याने विरोध केला नाही, फक्त एक अट घातली. "एक दिवस जरी काही झालं ना, तर गाडी विकायची. मी विचारणार नाही मग."

"काही होणार नाही," नयन म्हणाली होती.

त्यापूर्वी ती औषधांच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कामाला होती, बिनखिडकीच्या खोलीत. स्कूटरवर पहिल्या दिवशी पुलावरून पूर्वेला उतरताना वारा शर्टाच्या बाह्यांत शिरला आणि तिला वाटलं, आपल्याला शरीर आहे. इतकी साधी गोष्ट. ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. पण ती गेली तर काय जाईल हे तिला पक्कं माहीत होतं.

मार्चमध्ये, महिला दिनाला, कंपनीने सगळ्या स्टोरवरच्या बायकांना बोलावून गुलाबाचं एकेक फूल आणि एकेक गुलाबी जॅकेट दिलं. एका साहेबाने भाषण केलं. इथून पुढे गिऱ्हाइकाच्या फोनवर महिला सहकाऱ्याचा फोटो दिसेल, खाली लिहिलेलं असेल, 'तुमची ऑर्डर आणते आहे आमची शक्ती.' हे तुमच्या सन्मानासाठी आणि सुरक्षेसाठी आहे, असं तो म्हणाला. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"शक्ती म्हणे," वैशाली फूल कानामागे खोचत म्हणाली. "स्टोरला बायकांचं बाथरूम नाही. शक्ती दिवसभर दाबून धरते."

"हळू बोल."

"का? फूल काढून घेतील?"

फोटो सक्तीचा होता. हेल्मेट काढून, समोर बघून. नयनची करडी आकृती गेली आणि तिथे तिचे मोठे डोळे आले. त्या दिवसापासून लोक 'भय्या' लिहायचे थांबले. 'ताई' लिहू लागले, 'मॅडम' लिहू लागले. एका म्हाताऱ्या बाईने दारात थांबवून ताक दिलं. एकाने लिहिलं, 'फोटोत हसत का नाही?' तयार वाक्यं मात्र होती तशीच राहिली. डोळे बाईचे, खाली 'मी पोचलो आहे.'

मानपाड्याच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर यज्ञेश नावाचं गिऱ्हाईक होतं. लिफ्ट नेहमी बंद. एका दुपारी त्याची ऑर्डर नयनच्या डोक्यात पडली. पाण्याच्या बाटल्यांचं जड खोकं. ती वर पोचली तेव्हा दार आधीच उघडं होतं. चष्मा लावलेला, नीट दाढी केलेला, तिच्याच वयाचा माणूस.

"ताई, एक विनंती होती. आईचा हात मोडलाय, माझी पाठ धरलीये. आत किचनपर्यंत ठेवाल?"

'ताई' म्हटलं होतं. आईचा हात म्हटलं होतं. नयनने खोकं उचललं आणि उंबरा ओलांडला.

किचनमध्ये कुणी नव्हतं. पुढच्या खोलीतही नव्हतं. मागे दार लागल्याचा आवाज आला. मोठा नाही. खट.

"एसी चालूये," तो म्हणाला. "बसा ना. पाणी घेता? हेल्मेट काढा, फोटोत छान दिसता तुम्ही."

तो दाराला पाठ लावून उभा होता. नयनने काचेतून त्याच्याकडे बघितलं. हेल्मेटच्या आत तिचाच श्वास तिला ऐकू येत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. ओरडायला हवं, हे तिला कळत होतं. तिने तोंड उघडलं. सकाळपासून, खरं तर कित्येक महिन्यांपासून, कामावर तिने आवाज वापरला नव्हता. तो जिथे ठेवला होता तिथे सापडला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तो हसला. "घाबरलात काय? अहो, मी काय केलं?" बाजूला झाला आणि त्याने कडी काढली.

त्याने खरंच काही केलं नव्हतं. ती जिना उतरली. खाली रस्त्यावर, बंद टपरीच्या सावलीत उभं राहून तिने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजाने गोड.

"मॅम, नेमकं काय झालं?"

आणि नयनच्या तोंडून ते वाक्य निघालं, घरातलं, आईचं, आजीचं, शहरी कपडे घालून.

"काही झालं नाही."

"काही झालं नाही ना? तुम्ही सुरक्षित आहात ना मॅम?"

"हो. म्हणजे..."

"थँक यू मॅम. आपला दिवस शुभ असो."

थोड्या वेळात फोनवर निरोप आला की तक्रार बंद करण्यात आली आहे.

वैशालीला तिचा चेहरा बघूनच कळलं. स्टोरच्या मागच्या बाजूला नेऊन तिने सगळं काढून घेतलं.

"आणि तू काय सांगितलंस? काही झालं नाही?"

"आमच्यात तसंच बोलतात."

"अगं बाई, तुमच्यात बोलतात. त्या फोनवरच्या पोरीला काय कोळीवाडा माहितीये? तिने लिहिलं, काही झालं नाही. संपलं. आता देव खाली आला तरी काही झालं नाही."

"खरंच काही झालं नाही पण."

वैशालीने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "घरी सांग."

"घरी सांगितलं तर गाडी जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

नयनने हातमोजे घातले.

यज्ञेशची ऑर्डर पुन्हा पडली. तिने नाकारली. आणखी एकदा पडली, तीही नाकारली. मग फोनवर लाल अक्षरांत इशारा आला. कारण न देता वारंवार ऑर्डर नाकारल्यास आयडी बंद होईल. कारणांची निवड होती: गाडी बिघडली, तब्येत ठीक नाही, पत्ता सापडला नाही. ज्याला शब्दच नाही असं कारण तिथे कसं असणार?

एप्रिलच्या एका दुपारी, डांबर चिकट झालेलं, ऑर्डर परत पडली. पाण्याच्या बाटल्या. चौथा मजला. खाली सूचना, 'ताईंनी आत आणून ठेवावे.' वैशाली नुकतीच शिळफाट्याच्या बाजूला गेली होती. नयनने बराच वेळ फोनकडे बघितलं. नाकारली तर आयडी जातो. घेतली तर ते दार आहे. घरी सांगितलं तर गाडी जाते. कुठूनही गेलं तरी एकाच ठिकाणी पोचायचं होतं.

तिने ऑर्डर घेतली.

जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर खोकं टेकवत होती. दारं सगळी बंद. दारांमागे टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, कुणाचं तरी खोकणं. इतकी माणसं आणि इतकी जवळ. चौथ्या मजल्याच्या खाली, वळणावर ती थांबली. फोन विचारत होता: 'मी पोचलो आहे'? बोट त्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

तिने खोकं पायरीवर ठेवलं. हेल्मेट काढलं. घामाने कपाळाला चिकटलेले केस मागे सारले. आणि तोंड उघडलं.

पहिल्यांदा नुसती चिरक आली. ती स्वतःच दचकली. दुसऱ्यांदा तिने पोटापासून श्वास घेतला, आणि जे निघालं ते तिचं नव्हतं.

"आले गोऽऽ!"

जिना ती हाक घेऊन वर गेला आणि खालीही गेला.

"आले गोऽ! चौथा माळा, यज्ञेश! पाणी आलाय! भांडा घेऊन भाईर याऽऽ!"

कुकर थांबला नाही, टीव्हीही नाही. पण कड्या वाजल्या. तिसऱ्या मजल्यावरचं दार पहिलं उघडलं आणि एक स्थूल, गाऊन घातलेली बाई हातात स्टीलची थाळी घेऊनच बाहेर आली.

"कोळीण आली का गं? कोळंबी आहे?"

तिने नयनला बघितलं, गुलाबी जॅकेट बघितलं, हातातली थाळी बघितली. "अगोबाई."

समोरचं दार उघडलं. वरून एक म्हातारा वाकून बघू लागला. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय आणलंय, सखुबाई?" आणि थाळीवाली बाई खाली ओरडली, "मासे नाहीत हो, दुसरंच काहीतरी आहे!"

यज्ञेशचं दार शेवटी उघडलं. तो बाहेर आला, चष्मा पुसत.

"काय तमाशा आहे हा?"

"पाणी," नयन म्हणाली. "इथे ठेवलंय. येऊन घ्या."

"अहो, आत ठेवा ना. सांगितलं होतं, आईचा हात..."

"कुणाचा हात?" सखुबाई म्हणाली. "तुझी आई दिवाळीपासून खडवलीला आहे रे. परवाच बोलले मी तिच्याशी फोनवर. ठणठणीत आहे."

तो चार पायऱ्या उतरला, खोकं उचललं. पाठ धरलेल्या माणसासारखं नाही उचललं. सगळे बघत होते. दार लागलं. तोच आवाज, खट, पण आता नयन त्याच्या बाहेरच्या बाजूला होती.

सखुबाईने थाळी छातीशी धरली आणि आवाज खाली आणला. "काय झालं गं?"

ते वाक्य नयनच्या जिभेवर तयार होतं. पिढ्यान् पिढ्या घासून गुळगुळीत झालेलं, बोट ठेवलं की जाणारं. तिने ते गिळलं.

"झालंय," ती म्हणाली. "मागच्या वेळेला झालं."

आणि तिने सांगितलं, तिथेच, जिन्यात उभी राहून. सांगायला फार वेळ लागला नाही. इतकं थोडंच होतं ते. म्हातारा वरून म्हणाला, "पण त्याने हात तर लावला नाही ना?" त्यावर सखुबाईने मान वर करून त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नयनने फोन उघडला तेव्हा आयडी बंद होता. गिऱ्हाइकाची तक्रार होती की इमारतीत आरडाओरडा केला, असभ्य वर्तन केलं. चौकशी होईपर्यंत काम थांबवलं होतं.

अनिश पाळीवरून आला होता. नखांत निळा रंग. चहा पिता पिता त्याने विचारलं, "आज गेली नाहीस?" ऑपरेशनपासून लेकीकडेच असलेल्या आवडाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दारातून स्कूटर दिसत होती, पुढच्या चाकाशी मांजर झोपलेलं.

नयनने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, सांगताना रडू येईल. आलं नाही.

अनिशचा चहा निवला. तो दाराकडे बघत होता, म्हणजे गाडीकडे. "मी तुला बोललो होतो," तो म्हणाला. रागाने नाही. राग असता तर सोपं गेलं असतं. "बोललो होतो ना, एक दिवस जरी..."

खाटेवरून आवाज आला. वारा फटीतून यावा तसा. दोघांना आधी कळलं नाही कुठून येतोय ते. आवडाबाई हाताने बोलावत होत्या. नयन उठून जवळ गेली, अनिशही आला, दोघं खाली वाकले.

"मना पन झाला व्हता," आवडाबाई म्हणाल्या.

त्यांनी श्वास गोळा केला. त्यांना दर वाक्याआधी तो गोळा करावा लागतो.

"लय येला, येकदाच नाय." मग पुन्हा थांबून, अनिशकडे बघत, "टोपली टाकली का मी?"

अनिश सरळ उभा राहिला. सासूच्या खाटेखालची पालथी टोपली त्याने रोज बघितली होती, झाडू मारताना बाजूला सारली होती. त्याने ती आता अशी बघितली की जणू कुणी आत्ता आणून ठेवली आहे. नंतर तो बाहेर गेला. नयनला वाटलं, गाडीची किल्ली घेऊन गेला. पण किल्ली खिळ्यावरच होती. तो पायरीवर बसून राहिला, मांजराच्या शेजारी.

नयनने मदतीचा नंबर लावला. गाणं वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. मग तीच मुलगी, किंवा तशाच आवाजाची दुसरी.

"नमस्कार मॅम, काय झालं ते सांगाल?"

"झालं," नयन म्हणाली. "लिहून घ्या. माझं नाव नयन. मी बाई आहे."

तिने पहिल्यापासून सुरुवात केली. उंबऱ्यापासून. आवाज आपोआप चढत गेला. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं, मग त्याच्या पलीकडच्या दारातून. पायरीवरच्या अनिशने मागे वळून बघितलं, पण तो मध्ये पडला नाही. खाटेवर आवडाबाईंचे ओठ हलत होते.

"मॅम," फोनमधली मुलगी म्हणाली, "प्लीज जरा हळू बोलाल का?"

"नाही," नयन म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.